ओनोराच्या बोटातली अंगठी

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. सोन्याची आहे, पण मिरवावं असं माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. माझ्या दर्शनी भागावर दोन तळहात आहेत, त्या हातांनी एक हृदय धरलेलं आहे आणि हृदयावर मुकुट आहे. मुकुटाची टोकं झिजून बोथट झाली आहेत. एका हाताची करंगळी तर दिसतच नाही. हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम आणि मुकुट म्हणजे निष्ठा, असं आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातले सोनार गिऱ्हाइकांना सांगतात. ऐकायला छान वाटतं. मी मात्र तुम्हाला छान छान काही सांगणार नाही. तसं ऐकायचं असेल त्यांनी खुशाल त्या दुकानांत जावं.

माझा जन्म अशाच एका सोनाराच्या मागच्या खोलीत झाला. म्हाकुळाच्या पाठीत एक पांढरं हाड असतं, त्याला तुमच्याकडे समुद्रफेन म्हणतात. ते इतकं मऊ असतं की नखानंही त्यावर रेघ उठते. सोनारानं त्याचे दोन तुकडे केले, त्यांत माझा आकार कोरला, तुकडे एकमेकांवर बांधले आणि वरून वितळलेलं सोनं ओतलं. हाड जळलं आणि खोलीभर जळक्या माशाचा वास सुटला. आमच्या जातीच्या अंगठ्यांना जन्मतःच मासळीचा वास असतो, असं तो सोनार हसत म्हणायचा. पुढचं आयुष्य बघता त्याचं फारसं चुकलं नाही.

नदीच्या एका काठाला भिंतीआडचं शहर आणि दुसऱ्या काठाला क्लाडा, आमची कोळ्यांची वस्ती. गवतानं शाकारलेली बुटकी घरं, दारात वाळत टाकलेली जाळी आणि पुढे समुद्र. पुरुष हेरिंग मासळी धरून आणायचे आणि बायका लाल घागरा नेसून, डोक्यावर शाल घेऊन, नदीपलीकडच्या कमानीखाली ती विकायच्या. शहरातले लोक आमच्या माणसांना नाकं मुरडायचे आणि आमची माणसं शहरात सोयरीक करायची नाहीत.

आता एक रीत नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्या रितीनंच घडवलं आहे. आमच्याकडे घरातलं पहिलं लग्न दुकानातल्या अंगठीवर लागत नाही. आईच्या बोटातली अंगठी निघते आणि जिचं लग्न आधी होतं त्या मुलीच्या बोटात जाते. मागाहून लग्न होणाऱ्या बहिणींना नवी अंगठी चालते. पहिलीला चालत नाही. आईच्या अंगठीशिवाय लागलेलं पहिलं लग्न समुद्र मानत नाही, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती. अशा जावयाच्या होडीबरोबर कुणी होडी काढत नसे आणि अशा मुलीला कमानीखाली कुणी शेजारी बसू देत नसे.

माझी पहिली मालकीण सेलिया. तिच्या काळात बटाटा सडला आणि दुष्काळ पडला. शहरात गरिबांना पेज वाटत होते. पेज वाटणारा माणूस रांगेतल्या प्रत्येकीचे हात बघायचा. बोटात सोनं दिसलं की त्या बाईला रांगेबाहेर काढायचा, आधी सोनं विकून खा म्हणायचा. सेलिया मला जिभेखाली ठेवून रांगेत उभी राहायची. शेजारच्या घरांतल्या माझ्या कितीतरी बहिणी तेव्हा शहरात विकल्या गेल्या आणि मुशीत गेल्या. सेलियानं मला विकलं नाही. तिचा धाकटा मुलगा त्या हिवाळ्यात उपाशी मेला. मी शिल्लक राहिले म्हणून लोकांनी तिची निष्ठा वाखाणली. मला विचाराल तर त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

सेलियाकडून मी तिच्या मुलीकडे गेले, मुलीकडून नातीकडे. ही नात म्हणजे ओनोरा.

ओनोरा दिसायला ठसठशीत, बोलायला त्याहून ठसठशीत. कमानीखाली तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा. नवरा छातीच्या दुखण्यानं लवकर गेला आणि तिच्याकडे उरल्या दोन मुली, एक होडी आणि मी. थोरली सबीना, धाकटी विनी. दोघींत अकरा वर्षांचं अंतर. होडी दिरानं चालवायची आणि मासळी ओनोरानं विकायची, असा संसार चालला होता. पण खरं सांगायचं तर संसार सबीना चालवत होती. विहिरीचं पाणी तिनं आणायचं, जाळी तिनं सांधायची, पाटी तिनं कमानीपर्यंत डोक्यावरून न्यायची, आईचे पाय तिनं चेपायचे. ओनोराला बोलायला सतत कुणीतरी लागायचं. सबीना ऐकून घ्यायची आणि मधूनमधून असं काही तिरकं बोलायची की ओनोरा पोट धरून हसायची. त्या दोघींचं गूळपीठ सगळ्या वस्तीला माहीत होतं.

सबीना तेवीस वर्षांची असताना कोलमन फोलननं तिला मागणी घातली. कोलमन शांत, कष्टाळू आणि दर्यावर अगदी निर्धास्त. त्याच्याकडे स्वतःची होडी नव्हती, हे एकच त्याचं न्यून. तो दुसऱ्यांच्या होडीवर राबायचा. सबीना त्याला आवडत होती आणि सबीनाला तो. आमच्याकडे लग्नं ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी उरकतात. आदला मंगळवार हा शेवटचा मुहूर्त. तो चुकला की बहुतेकजण पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. ओनोरानं मागणीला तोंडभरून होकार दिला. शेजारणींना चहा पाजला. मंगळवार आठ दिवसांवर आला तेव्हा तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, अगं बाई, ही निघत नाही.

निघत नाही म्हणजे मी.

बायका जमल्या. खाऱ्या पाण्यानं बोटं सुजतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. साबण लावून झाला. माशाचं तेल चोळून झालं. शेजारची डेलिया मावशी, जिनं वस्तीतल्या निम्म्या मुलांची बाळंतपणं केली होती, तिनं बोटाला दोरा गुंडाळून मला ओढून पाहिलं. ओनोरा अशी कळवळली की विनी घाबरून रडायला लागली. सबीनानंच शेवटी सगळ्यांना थांबवलं. आईचं बोट तोडून मला लग्न करायचं नाही, असं म्हणाली.

मित्रांनो, मी निघत होते. अगदी सहज निघत होते. डेलिया मावशी ओढायला लागली की ओनोरा बोटाचं पेर किंचित वाकवायची आणि मी त्या हाडाला अडकायची. एवढीच ती युक्ती. मागच्या पडवीत एकटी बसून हेरिंग साफ करताना ती मला रोज काढून खिडकीच्या फळीवर ठेवायची, कारण खवले माझ्या कोरीवकामात अडकतात. काम झालं, हात धुतले, की मी परत बोटात. माझ्या तोंडाला कुलूप होतं. तोंडच नव्हतं म्हणा ना.

त्या वर्षी लग्न झालं नाही.

उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे एक खेळ चालायचा. ज्यांची लग्नं राहिली आहेत त्यांच्या अंगावर लोक मूठमूठ मीठ फेकायचे. हेरिंग मिठात घातली की वर्षभर टिकते, तशी ही मुलगी पुढच्या मुहूर्तापर्यंत टिकावी, असा त्यातला विनोद. आधी पोरं फेकायची, मग मोठी माणसंही. पहिल्या वर्षी सबीनानं हसत हसत मीठ झटकलं. कोलमनच्या केसांतलंही तिनंच झटकलं.

दुसऱ्या वर्षी कोलमन म्हणाला, सोनाराकडे जाऊ, तो बारीक करवतीनं अंगठी कापेल आणि पुन्हा जोडून देईल. खरोखरच ते पाच मिनिटांचं काम होतं. ओनोरानं मला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. आजीनं उपाशी राहून जपलेली अंगठी कापायची? हृदय कापून लग्न लावायचं? डेलिया मावशीसकट सगळ्या बायकांनी कोलमनला फैलावर घेतलं. तिसऱ्या वर्षी तो सबीनाला एकटीला गाठून म्हणाला, आपण शहरातून नवी घेऊ, लोक काय बोलायचं ते बोलोत. सबीना नाही म्हणाली. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी मी खेळणार नाही, असं म्हणाली. ती त्या रितीवर मनापासून विश्वास ठेवत होती. चूक म्हणायची तर तिची ही एवढीच चूक.

विनीला मात्र खरी गोष्ट कळली होती. ती तेरा वर्षांची असताना एकदा अचानक पडवीत आली आणि मला फळीवर बघून दारातच थबकली. ओनोरानं तिच्याकडे पाहिलं, हात पुसले, डब्यातून साखरेचा खडा काढला आणि तिच्या तोंडात घातला. विनीनं साखर चघळली. तेव्हापासून तिला अधूनमधून खडा मिळायचा.

असे सात मंगळवार गेले आणि सात सोमवार गेले. मीठ फेकणारी पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली आणि त्यांच्या बायकाही सबीनावर मीठ फेकायला लागल्या. सातव्या वर्षी चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी ओरडलं, "पिंपात घाला रे हिला, मुठीनं भागायचं नाही!" सगळे खदखदून हसले. ओनोराही हसली. सबीनानं आईकडे पाहिलं आणि शाल घट्ट ओढून घेतली. मी ओनोराच्या बोटात होते, तिचा तो हात तेव्हा सबीनाच्या खांद्यावर होता, आणि तो खांदा माझ्याखालून हळूच बाजूला झाला.

त्याच उन्हाळ्यात कोलमनच्या भावानं बोस्टनहून पत्र पाठवलं. तिथे गोदीत काम होतं आणि तो दोघांचीही जहाजाची तिकिटं पाठवायला तयार होता. बोस्टनमध्ये समुद्र मानतो की नाही हे विचारायला कुणी येणार नव्हतं. सबीनानं आठ दिवस विचार केला आणि आईला सांगितलं की मी जाते.

ओनोरानं आदळआपट केली नाही. तिनं शांतपणे विचारलं की जहाज कधी आहे. दुसऱ्या दिवशी ती कोलमनला जेट्टीवर भेटली. तिच्या बोटातून मी सगळं ऐकत होते.

ती म्हणाली, "बोस्टनला जाऊन दुसऱ्याचीच पोती वाहणार ना? माझी होडी घे. पण होडी विनीबरोबर येईल. अंगठीचं काय ते मी बघेन."

कोलमननं होडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि सबीना?"

"सबीना मला लागते."

त्यानं तीन दिवस मागून घेतले. चौथ्या दिवशी तो होडीला डांबर लावायला आला. सात वर्षं थांबलेला माणूस तीन दिवसांत बदलतो का, असं तुम्ही विचाराल. बदलतो. तो एकतीस वर्षांचा झाला होता, त्याला समुद्र सोडायचा नव्हता आणि स्वतःची होडी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हाताच्या अंतरावर पाहिली होती. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

सबीनाला ओनोरानं ही बातमी जाळं सांधताना दिली. विनीला एकोणिसावं लागलं आहे, कोलमनलाही ती पसंत आहे, आता यात तोंड वाकडं करू नकोस, असं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं की सबीना जाळं फेकून देईल. तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि आईच्या हाताकडे, म्हणजे माझ्याकडे, रोखून पाहिलं. मग पुढची गाठ घेतली.

मध्यंतरी आलेली बोस्टनची तिकिटं परत गेली. मंगळवार जवळ यायला लागला आणि सबीना दिवसेंदिवस शांत होत गेली. विनीचा घागरा तिनं शिवला. लग्नाचे पाव तिनं भाजले. बायका म्हणायच्या, काय काळीज आहे हो या पोरीचं. मला हळूहळू उमगलं आणि माझा जीव टांगणीला लागला. सबीनाला वाटत होतं की हे लग्न होणारच नाही. होईल कसं? अंगठी निघत नाही ना! सात वर्षं साबणानं निघाली नाही, तेलानं निघाली नाही, दोऱ्यानं निघाली नाही. चर्चमध्ये सगळ्यांसमोर आई बोट ओढत बसेल, फादर थांबतील, माणसं कुजबुजतील आणि मग कोलमनला कळेल. काय कळेल, ते बहुधा तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण ती माझ्यावर विसंबून होती. सगळ्या वस्तीत तिचा विश्वास उरला होता तो माझ्यावर आणि तिच्या आईच्या सुजलेल्या बोटावर.

लग्नाच्या सकाळी तिनं ओनोराला एवढंच विचारलं की अंगठीचं कसं करणार. देव बघेल, असं म्हणून ओनोरा शाल शोधायला लागली.

चर्च गच्च भरलं होतं. सबीना करवली म्हणून विनीच्या मागे उभी होती. ती उभी राहिली नसती तर लोक बोलले असते, म्हणून ओनोरानंच तिला उभं केलं होतं. फादरनी अंगठी मागितली आणि चांदीची छोटी तबकडी पुढे केली. सगळ्या माना ओनोराकडे वळल्या. सबीनाचीही वळली. तिच्या चेहऱ्यावर मला चक्क हसू दिसलं, अगदी बारीक.

मित्रांनो, त्या क्षणी मला अडकून बसायचं होतं. खरंच सांगते, एवढ्या वर्षांत मी कधी काही मागितलं नाही, पण तेव्हा मागितलं. आज एकदा हे पेर सुजू दे, आज एकदा मला हाडात रुतून बसू दे.

ओनोरानं दोन बोटांनी मला धरलं आणि मी निघाले. तिला ओढावंसुद्धा लागलं नाही. तबकडीवर पडताना माझा आवाज झाला. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल.

विनीनं मान खाली घातली. कोलमन तबकडीकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सात वर्षं आपल्याला कुणी मूर्ख बनवलं ते त्यालाही तेव्हाच कळलं. त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. होडीला डांबर लावून झालं होतं, नवीन शीड बांधून झालं होतं.

सबीना दोन पावलं पुढे आली आणि आईच्या कानाशी वाकली. लोकांना वाटलं, पापा घेते आहे.

ती हळू आवाजात म्हणाली, "दुखलं नाही ना गं, आई?"

फादरनी मला उचललं, आशीर्वाद दिला आणि मी विनीच्या बोटात गेले. हृदयाचं टोक मनगटाकडे, म्हणजे ही बाई आता कुणाची तरी झाली. आमच्याकडे तसंच घालतात.

विनी आणि कोलमन तीन घरं सोडून राहायला लागले. त्यांच्या संसाराबद्दल काय सांगू? कोलमन तिच्याशी चांगला वागायचा, घरमालकिणीशी वागतात तसा. माझ्याकडे त्यानं कधी डोळे वर करून पाहिलं नाही. विनीनं हात पुढे करून त्याला चहा दिला की तो कपाकडे बघायचा. विनी रोज आईच्या घरी जायची, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसत राहिलं.

सबीना कुठेही गेली नाही. कोलमनच्या भावाकडे परत गेलेली तिकिटं दुसऱ्याच कुणाच्या कामी आली होती. ती आईजवळ राहिली. पाणी आणायची, जाळी सांधायची, पाटी न्यायची, पाय चेपायची. आईच्या बशीत बटाटे सोलून ठेवायची, वर लोण्याचा गोळा ठेवायची. कशात म्हणून कसूर नाही. फक्त ती आईशी बोलायची नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

पहिला महिनाभर ओनोराला वाटलं की राग आहे, उतरेल. मग ती चिडली, तिनं बश्या फोडल्या. सबीनानं तुकडे झाडून काढले. मग ओनोरानं आजारी पडल्याचं सोंग केलं. सबीनानं डेलिया मावशीला बोलावलं, काढा करून पाजला आणि गप्प राहिली. बाहेर मात्र ती सगळ्यांशी बोलायची. कमानीखाली हसायची, पोरांना चिडवायची, शेजारणींना नकला करून दाखवायची. ओनोरा घरात बसून भिंतीपलीकडून तो आवाज ऐकायची. रस्त्यावरच्या पोरांना आत बोलवून विचारायची, ती काय म्हणाली रे, सगळे का हसले? पोरांना धड सांगता यायचं नाही.

शेवटी ओनोरानं फादरकडे गाऱ्हाणं नेलं. फादर घरी आले आणि त्यांनी सबीनाला देवाची आज्ञा ऐकवली. विनी तेव्हा तिथेच होती.

सबीना म्हणाली, "फादर, आईचा मान राखा असं लिहिलंय. राखते. तिच्याशी गप्पा मारा असं कुठे लिहिलंय ते दाखवा, आत्ता मारते."

फादर चहा न घेता गेले.

अकरा वर्षं, मित्रांनो. शेवटची दोन वर्षं ओनोराला दिसेनासं झालं. डोळ्यांपुढे नुसता धुरकट उजेड. दार वाजलं की ती विचारायची, कोण आलं गं? विनी असेल तर विनी उत्तर द्यायची. सबीना असेल तर खोलीत काहीच आवाज यायचा नाही आणि त्यावरूनच ओनोराला कळायचं की सबीना आली. मग एक खरखरीत हात तिच्या हातात कप द्यायचा. ओनोरा तो हात धरून ठेवायची. सबीना हात सोडवून घ्यायची नाही आणि दाबायचीही नाही. आई सोडेपर्यंत उभी राहायची. सगळी वस्ती म्हणायची, मुलगी असावी तर अशी. त्या सेवेइतकी निर्दय गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी दुष्काळ पाहिलेला आहे.

विनीला वाईट वाटायचं. तिनं एकदा मला काढून बहिणीपुढे धरलं. सबीना माझ्याकडे बघून म्हणाली, आता ही घालून मी काय मासे विकू? आणि आत निघून गेली. एवढ्या जवळून तिनं मला पाहिलं ते तेवढंच.

अकराव्या हिवाळ्यात ओनोरा अंथरुणाला खिळली. या वेळी सोंग नव्हतं. एका दुपारी विनी तिच्या उशाशी बसून तिचा हात चोळत होती. सबीना चुलीपाशी पाणी तापवत होती. ओनोरानं भिंतीकडे तोंड केलं होतं. ती खोल आवाजात बोलायला लागली आणि विनीशी बोलत नव्हती हे उघड होतं.

ती म्हणाली, "सबीना, तुझं लग्न मोडावं असं माझ्या मनात नव्हतं गं. एकच वर्ष थांबवीन म्हटलं होतं. तू गेलीस तर माझ्याशी बोलणार कोण, ह्याची मला फार भीती वाटायची."

पाणी उकळत राहिलं. सबीनानं भांडं उतरवलं नाही. बऱ्याच वेळानं ओनोरा पुन्हा म्हणाली, "शिव्या दे. शिव्या तरी दे."

सबीना चुलीपुढच्या स्टुलावर बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडून होते. त्या बाईचे हात रिकामे असलेले मी जन्मात पाहिले नव्हते. विनीनं तिला खुणेनं विनवलं. सबीनानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते विनीला कळलं नाही. विनीची मुलं शाळेतून यायची वेळ झाली होती, म्हणून ती मला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेलिया मावशीनं दार वाजवलं. ओनोरा पहाटे झोपेतच गेली होती.

बायका जमल्या. त्यांनी ओनोराला आंघोळ घातली, स्वच्छ चादर पांघरली, हातात जपमाळ गुंडाळली. तिच्या अंगठीच्या बोटावर अजून पांढरट वळ होता, अकरा वर्षांत तो गेला नव्हता. मग रडायची वेळ आली. आमच्याकडे मेलेल्या माणसाशी बोलत रडतात, आणि सुरुवात थोरल्या मुलीनं करायची असते. सबीना भिंतीला टेकून उभी होती. डेलिया मावशी आता खूप थकली होती, तरी काठी टेकत तिच्यापाशी गेली.

"आता तरी बोल बाई," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाशी कसला अबोला?"

सबीना पलंगापाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. विनी उशाशी होती, आईचे विस्कटलेले केस सारखे करत होती, म्हणून मी ओनोराच्या कानाला जवळजवळ टेकले होते. सबीनानं तोंड खाली आणलं.

मग ती म्हणाली, "आई, मी आज बोलणार होते गं."

ते फक्त विनीनं ऐकलं आणि मी.

मित्रांनो, मी आज विनीच्या पणतीच्या बोटात आहे. ती मला मऊ फडक्यानं पुसते, साबण लावताना काढून ठेवते. माझी काळजी चांगली घेतली जाते, माझं काही मागणं नाही. तिचे मित्र माझ्यावरचे हात, हृदय आणि मुकुट बघून त्यांचा अर्थ विचारतात आणि ती सोनारांनी शिकवलेलं सांगते. मी ऐकते. मला हात म्हटलं की अकरा वर्षं कप पुढे करणारा तो खरखरीत हात आठवतो.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखी अंगठी घरात असली काय आणि नसली काय, ज्याचं जे आहे ते त्याला वेळेवर देऊन टाका. आणि तुमच्यापैकी कुणी घरात कुणाशी अबोला धरला असेल, चूक त्यांचीच असेल, शंभर टक्के त्यांचीच असेल, तरी घरी गेल्यावर त्यांना हाक मारा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर पाणी मागा, जेवायला काय आहे ते विचारा, भांडा, शिव्या द्या. पण आज द्या.